बँकेची जागल

१. हे काम कोणाचे?

बँकेत ठेवलेले पैसे बुडणार नाहीत हे बघणे नेमके कोणाचे काम? शाखेत गेले की व्यवस्थापक भेटतो, कॅशियर भेटतो, कर्जाच्या टेबलावरचा अधिकारी भेटतो. ही सगळी माणसे बँकेचा धंदा चालवण्यासाठी आणि वाढवण्यासाठी नेमलेली असतात. ठेवी आणायच्या, कर्जे वाटायची, हप्ते वसूल करायचे. पण वाटलेली सगळी कर्जे मिळून बँकेला झेपतील का, दोन वाईट वर्षे लागोपाठ आली तर काय उरेल, हे मोजणारा माणूस शाखेत दिसत नाही. तो मुख्यालयात बसतो. त्याला मुख्य जोखीम अधिकारी म्हणतात. चीफ रिस्क ऑफिसर या नावावरून बँकेतले लोक त्याला ‘सीआरओ’ म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकापुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि पुढे कमाई होण्याची शक्यता दिसत नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. अशा वेळी ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम देते. या बँकेच्या सुमारे ७९ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्या मर्यादेत बसत होती. उरलेल्यांची बसत नव्हती. पाच लाखांपेक्षा जास्त ठेव असणारा प्रत्येक जण श्रीमंत असतो असे मुळीच नाही. निवृत्त शिक्षकाला आयुष्याची पुंजी एकाच दिवशी मिळते. रस्त्यात किंवा रेल्वेत शेत गेले की मोबदला एकरकमी खात्यावर जमा होतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा मार्गांवरच्या गावांना हा एकरकमी पैसा चांगला ठाऊक आहे.

जोखीम अधिकाऱ्याचे काम समजून घ्यायला कळंब तालुक्यातले शेतच जवळचे आहे. कपाशी, तूर, सोयाबीन उभे असताना रात्री रानडुकरे आणि रोही शिवारात उतरतात, म्हणून कास्तकार जागलीला जातो. जागलीचा माणूस नांगरत नाही, पेरत नाही, वेचणी करत नाही. त्याने रात्रभर जागून एक बोंडही वाढत नाही. सकाळी पीक उभे दिसते त्यात त्याचा वाटा असतो, पण तो तोलून दाखवता येत नाही. शिवाय जागलीला एक अट असते. मचाणावरून हाक आली की धुऱ्यापलीकडच्यांनी उठायला हवे. हाक कोणी ऐकणारच नसेल, तर तो माणूस शेतात असला काय आणि नसला काय, सारखेच. मुख्य जोखीम अधिकाऱ्याच्या पदाचे सगळे नियम आणि सगळे अपयश या एका अटीभोवती फिरतात.

२. पद आले कुठून

जोखीम सांभाळणे जुनेच आहे. सावकारही गहाण ठेवलेला दागिना कसाला लावून बघत असे. मात्र सगळ्या जोखमी एकत्र मोजणारा स्वतंत्र वरिष्ठ अधिकारी ही कल्पना अलीकडची. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जीई कॅपिटल या वित्तकंपनीत जेम्स लॅम यांनी ‘चीफ रिस्क ऑफिसर’ हे पदनाम घेतले. ते या पदावरचे पहिले मानले जातात.

दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, ब्रिटनमधली बेअरिंग्ज ही दोन शतकांहून जुनी बँक एका कर्मचाऱ्याच्या सौद्यांमुळे बुडाली. तोटा होता सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड. सिंगापूरच्या कार्यालयात सौदे करणे आणि त्या सौद्यांचे हिशेब तपासणे ही दोन्ही कामे त्याच एका माणसाकडे होती. डुकरांनाच राखणीला बसवावे, तसा हा प्रकार. करणारा आणि तपासणारा वेगळा हवा हे जगभरच्या बँका या घटनेतून शिकल्या, आणि जोखमीचा स्वतंत्र विभाग ही चैन न राहता गरज झाली.

३. ठरलेला तोटा आणि अवचित तोटा

जोखीम अधिकारी तोटा टाळण्यासाठी असतो, हा सर्वात पसरलेला गैरसमज. तोटा होणारच नाही अशी बँक म्हणजे कोणालाच कर्ज न देणारी बँक. कोणता तोटा हिशेबात धरलेला आहे आणि कोणता बँकेला खाली बसवील, यातला फरक सांगणे हे त्याचे खरे काम.

एक लहानसा हिशेब करू. समजा, एका छोट्या बँकेने कळंब तालुक्यातल्या १०० कास्तकारांना प्रत्येकी एक लाख रुपये पीककर्ज दिले. एकूण कर्ज एक कोटी. त्यातले ९ लाख बँकेचे स्वतःचे भांडवल आहे आणि ९१ लाख ठेवीदारांचे. (व्यापारी बँकांनी जोखीमभारित कर्जांच्या निदान ९ टक्के स्वतःचे भांडवल ठेवावे, असा रिझर्व्ह बँकेचा मूळ नियम आहे. तोच आकडा येथे सोयीसाठी घेतला आहे.) ठेवींवरचे व्याज, पगार आणि भाडे वजा जाता बँकेच्या हाती वर्षाला ३ लाख उरतात असे धरू.

सर्वसाधारण वर्षात १०० पैकी ४ जणांचे कर्ज थकते. थकलेल्या प्रत्येक लाखातले ४० हजार पुढे वसूल होतात आणि ६० हजार बुडतात. म्हणजे तोटा २ लाख ४० हजार. बँकेच्या हाती तरीही ६० हजार राहतात. याला अपेक्षित तोटा म्हणतात. कपाशी लावली की काही ठिकाणी बी उगवत नाही हे कास्तकाराला माहीत असते. म्हणून तो नांग्या भरायला मूठभर सरकी बाजूला ठेवतो. बँकही हा तोटा व्याजाच्या दरात आधीच धरून चालते.

आता वाईट वर्ष घेऊ. पाऊस दडी मारतो, किंवा २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी येते, आणि १०० पैकी ३० जण थकतात. तोटा १८ लाख. वर्षाची शिल्लक ३ लाख त्यात गेली, उरले १५. भांडवलाचे ९ लाख गेले, उरले ६. हे सहा लाख ठेवीदारांचे. बँक बुडते ती अशी. या सहा लाखांना अवचित तोट्याचे टोक म्हणता येईल, आणि जोखीम अधिकाऱ्याची झोप उडते ती त्याच्यामुळे.

येथे खरा प्रश्न आहे तो चाराचे एकदम तीस का झाले हा. ते शंभर जण शंभर वेगवेगळी माणसे असली, तरी त्यांचे आभाळ एक आहे. एकाचे पीक गेले तर शेजाऱ्याचेही जाते. हेच शंभर कर्जदार कोल्हापूरचा ऊस, नाशिकची द्राक्षे, रत्नागिरीची मासेमारी आणि पुण्यातली लहान दुकाने यांत विखुरलेले असते, तर सगळे एकाच वर्षी थकण्याची शक्यता फार कमी झाली असती. कपाशीच्या तासांत तुरीच्या ओळी टाकणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. एक गेले तर दुसरे हाती लागते. बँकेच्या भाषेत एकाच जागी, एकाच पिकात किंवा एकाच कर्जदारात पैसा साचणे याला केंद्रीकरणाची जोखीम म्हणतात. जिल्ह्यापुरत्या मर्यादित बँकेला ही जोखीम जन्मापासून चिकटलेली असते. तिथे चांगला अधिकारी कर्जे थांबवायला सांगत नाही. वाईट वर्षासाठी भांडवल जास्त ठेवा, पीकविमा उतरवलेला आहे का ते बघा, आणि दुधासारख्या किंवा दुकानदारीसारख्या दुसऱ्या आभाळाखालच्या कर्जांचा वाटा वाढवा, असे तो सांगतो.

४. जोखीम कुठून कुठून येते

आतापर्यंत पाहिली ती पतजोखीम, म्हणजे कर्ज परत न येण्याची. बहुतेक बँका तिच्यामुळेच अडचणीत येतात. पण कर्जदार वेळेवर हप्ते भरत असतानाही बँक बुडू शकते.

बँक आपला बराच पैसा सरकारी रोख्यांत ठेवते. १०० रुपयांचा, दहा वर्षांचा, ६ टक्के व्याजाचा रोखा बँकेने घेतला असे समजू. काही दिवसांनी बाजारात ८ टक्के व्याजाचे नवे रोखे मिळू लागले. आता जुना रोखा कोणी शंभराला घेणार नाही. त्याला सुमारे ८७ रुपयेच मिळतील. सरकार पैसे बुडवत नाही, मुदतीला शंभर मिळणारच. तोपर्यंत विकायची वेळ आली नाही म्हणजे झाले. ही बाजारजोखीम. विकायची वेळ येते ती ठेवीदार एकदम पैसे मागू लागले की, आणि त्याला रोखतेची जोखीम म्हणतात. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत मार्च २०२३ मध्ये या दोन्ही एकत्र आल्या. रोखे विकून सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचे जाहीर होताच ठेवीदारांनी ९ मार्चच्या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याची मागणी केली, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

चौथी जोखीम रोजच्या कामकाजातली. चूक, चोरी, संगणकाचा बिघाड, पूर, आग हे सगळे तिच्यात येते. तिचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. १९०६ पासून चालत आलेली ही बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँकांच्या सुट्टीचा दिवस. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, या खात्यात पैसे आहेत का? हा निरोप नेणारी मधली यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी या स्विचच्या जागी आपला खोटा स्विच बसवला. त्यामुळे विचारणा मुख्य संगणकापर्यंत गेलीच नाही, आणि खोटा स्विच प्रत्येक विचारणेला ‘आहेत, द्या’ असे उत्तर देत राहिला. नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत हजारो वेळा पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणा वापरून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

या प्रकरणाचा थकलेल्या कर्जांशी संबंध नव्हता. रोख्यांच्या भावाशीही नव्हता. जोखीम आली ती कुलूप कोणी तपासत नव्हते अशा खिडकीतून, तीही सुट्टीच्या दिवशी. अशा घटनेनंतर जोखीम विभागाने एक साधा प्रश्न नेमाने विचारायला हवा. शनिवारी दुपारी, सगळे घरी असताना, नेहमीपेक्षा दहापट पैसे बाहेर जाऊ लागले तर कोणाचा फोन वाजेल? त्या माणसाला व्यवहार बंद करण्याचा अधिकार आहे का?

५. ‘नको’ म्हणणाऱ्याला संरक्षण

जोखीम अधिकारी पगार बँकेचाच घेतो. कर्ज देऊन धंदा वाढवायला निघालेल्या व्यवस्थापकीय संचालकाला ‘हे नको’ असे सांगणे त्याला जड जाते. म्हणून २७ एप्रिल २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी या पदाचे नियम घालून दिले. वरवर पाहता ते कोरडे वाटतात. पण प्रत्येक नियमामागे कोणाची तरी दाबलेली हाक आहे, असे समजून वाचले तर त्यांचा अर्थ लागतो.

नेमणूक संचालक मंडळाच्या मंजुरीने आणि ठरावीक मुदतीसाठी करायची. मुदतीपूर्वी बदली किंवा हकालपट्टी करायची तर तीही मंडळाच्याच मंजुरीने, आणि ते रिझर्व्ह बँकेला कळवायचे. बँकेचे शेअर बाजारात असतील तर शेअर बाजारालाही कळवायचे. म्हणजे नकोसे बोलणाऱ्याला गुपचूप बाजूला सारता येत नाही. धंद्याचे कोणतेही उद्दिष्ट या अधिकाऱ्याला द्यायचे नाही आणि कर्जवाटपाचा कोणताही विभाग त्याच्या हाताखाली ठेवायचा नाही. मुख्य वित्त अधिकारी किंवा अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख ही पदेही त्याच्याकडे एकाच वेळी द्यायची नाहीत. तो व्यवस्थापकीय संचालकाच्या हाताखाली असेल, तर मंडळाच्या जोखीम समितीने निदान दर तिमाहीला त्याला एकट्याला भेटायचे, आणि त्या भेटीत व्यवस्थापकीय संचालक हजर नसायचा.

यातला शेवटचा नियम सर्वात मोलाचा आहे. बंद दाराआड, वरिष्ठ समोर नसताना, ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले गेले की माणूस जे सांगतो ते सादरीकरणाच्या पडद्यावर कधीच येत नाही.

बँकेत राखणीच्या तीन ओळी मानल्या जातात. पहिली कर्ज देणाऱ्या विभागाची, कारण ज्याने दिले त्यानेच आधी नीट बघायचे. दुसरी जोखीम विभागाची. तिसरी अंतर्गत लेखापरीक्षणाची, जी पहिल्या दोघांचे काम तपासते. जोखीम अधिकारी मधल्या ओळीत उभा असतो, त्यामुळे पुढचे त्याला अडथळा समजतात आणि मागचे त्याच्या चुका काढतात. हे पद एकाकी आहे.

बँकांसाठीचा हा २०१७ चा नियम पुढे इतरांनाही लागू झाला. पाच हजार कोटींहून मोठ्या बिगरबँक वित्तकंपन्यांना मे २०१९ पासून, आणि पाच हजार कोटी किंवा त्याहून मोठ्या नागरी सहकारी बँकांना जून २०२१ पासून मुख्य जोखीम अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांसाठी त्या बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’चा नियम वेगळा आहे. बाजारमूल्याने पहिल्या एक हजारात येणाऱ्या कंपन्यांना जोखीम समिती नेमावीच लागते.

६. एक फाइल जवळून

नियमांपेक्षा एखादी फाइल पाहिली की काम जास्त कळते. पुढचे उदाहरण कल्पित आहे, त्यातला बाजार मात्र खरा आहे.

विदर्भातल्या एका जिनिंग कारखान्याने नऊ कोटींचे कॅश क्रेडिट मागितले आहे. तारण म्हणून गोदामातल्या १२ कोटींच्या कापूसगाठी आहेत. कर्जविभागाची टिप्पणी उत्साही आहे. मालक जुना, हंगाम चांगला, तारणात पंचवीस टक्के अंतर राखलेले. फाइल जोखीम विभागात येते आणि तिथे तिच्याकडे उलट्या बाजूने बघितले जाते.

पहिला प्रश्न भावाचा. मे २०२२ मध्ये रुईची खंडी (३५६ किलो) एक लाख रुपयांच्या वर गेली होती. वर्षभराच्या आत ती साठ-पासष्ट हजारांच्या घरात उतरली. कापूस महाग होणार म्हणून विदर्भातल्या कितीतरी घरांत तो महिनोन् महिने साठवून ठेवला गेला होता, तेच हे वर्ष. तसा ३५ टक्के उतार पुन्हा आला तर १२ कोटींच्या गाठी ७ कोटी ८० लाखांच्या होतील आणि कर्ज नऊ कोटींचेच राहील. म्हणजे १ कोटी २० लाख उघड्यावर. पंचवीस टक्क्यांचे अंतर पुरत नाही.

दुसरा प्रश्न गाठींचाच. एक गाठ सुमारे १७० किलोची. कागदावर जितक्या आहेत तितक्या गोदामात मावतात का? लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला तरी पुष्कळ कळते. मागच्या थरात नव्या हंगामाच्या गाठी आहेत की दोन वर्षे पडून असलेल्या? याच गाठी दुसऱ्या बँकेलाही तारण दाखवल्या आहेत का? आगीचा विमा बँकेच्या नावे केला आहे का, आणि त्याची रक्कम आजच्या भावाची आहे की मागच्या वर्षीच्या?

तिसरा प्रश्न नात्यांचा. भावाच्या नावावरची सरकी तेलाची गिरणी, पत्नीच्या नावावरचा वाहतुकीचा व्यवसाय, मेहुण्याचे कृषी केंद्र, या सगळ्यांना याच बँकेची कर्जे असतील, तर कागदावर चार कर्जदार दिसतात आणि प्रत्यक्षात एकच असतो. कापूस पडला की चारही एकदम पडतात.

जोखीम विभागाची शिफारस बहुधा साधा नकार नसते. कर्ज साडेसात कोटींचे करा, तारणातले अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवा, गाठींचा भाव दर आठवड्याला धरा, गोदामाची किल्ली त्रयस्थाकडे द्या, असे ती सांगते. साडेसात कोटी का, तर ३५ टक्के उतारानंतरही गाठी ७ कोटी ८० लाखांच्या राहतात आणि कर्ज झाकले जाते. कारखाना चालतो, कास्तकाराचा कापूस घेतला जातो, आणि ठेवीदारही सुरक्षित राहतो. चांगला जोखीम अधिकारी ओळखायचा तो किती फाइली अडवल्या यावरून नव्हे, किती फाइली अशा पायावर आणल्या यावरून.

कर्जमंजुरीच्या समितीत तो सदस्य असेल तर त्याला मतही असते, आणि निर्णयाची जबाबदारी इतर सदस्यांइतकीच त्याच्यावर येते. नुसती टिप्पणी लिहून हात झटकता येत नाहीत.

७. हाक पोहोचली नाही तेव्हा

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला उघड झाला. मुख्यतः भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना ‘याचे पैसे आम्ही भरू’ अशी हमीपत्रे या शाखेतून वर्षानुवर्षे जात होती. निरोप आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जात, पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबसंगणकाशी जोडलेली नव्हती. त्यामुळे बाहेर दिलेल्या हमीची नोंद आतल्या वहीत होत नसे. आकडा १३ हजार कोटींच्या पुढे गेला. यातली चूक तांत्रिक दिसते, पण दोन वह्या कधीच ताडून न बघणे ही चूक कोणत्याही गावातल्या पतसंस्थेच्या मुनिमालाही कळेल अशी आहे.

मुंबईचीच आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांची वित्तसंस्था २०१८ मध्ये देणी चुकवू शकली नाही. तिच्यावर नव्वद हजार कोटींहून अधिक कर्जाचा डोंगर होता. तिच्या संचालकांची जोखीम समिती होती, पण २०१५ ते २०१८ या काळात तिची बैठक एकदाच झाली. सिलिकॉन व्हॅली बँकेत तर बुडण्याच्या आदल्या वर्षी सुमारे आठ महिने मुख्य जोखीम अधिकाऱ्याची खुर्चीच रिकामी होती.

पीएमसी बँकेचे प्रकरण ठेवीदारांच्या सर्वात जिव्हारी लागले. ही मुंबईची नागरी सहकारी बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जांतला फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता, आणि तो लपवण्यासाठी २१ हजारांहून जास्त खोटी खाती उघडलेली होती. तिसऱ्या भागातल्या हिशेबात शंभर जणांचे आभाळ एक होते. येथे तर शंभर जणांचे नाव घेऊन एकच माणूस उभा होता. वरच्या खुर्च्यांनीच लपवायचे ठरवले की मधल्या राखणदाराला काही दिसत नाही. म्हणूनच त्याला मंडळापर्यंत आणि नियामकापर्यंत थेट वाट असावी लागते.

८. या पदापर्यंतचा रस्ता

पदवीनंतर थेट जोखीम अधिकारी होता येत नाही. मुख्य अधिकारी होईपर्यंत बहुतेकांची वीस-पंचवीस वर्षे गेलेली असतात.

यवतमाळ जिल्ह्यातला मुलगा किंवा मुलगी वाणिज्य, गणित, संख्याशास्त्र किंवा कृषी यापैकी कोणतीही पदवी घेऊन बँकेच्या परीक्षेतून अधिकारी होऊ शकते. पहिली काही वर्षे शाखेत जातात, आणि या वर्षांचे मोल कमी लेखू नये. सातबारावरचा बोजा वाचणे, शेतात उभे राहून पीक बघणे, कर्जदार काय बोलला यापेक्षा काय बोलायचे टाळले हे टिपणे, हे कोणत्याही संगणकी नमुन्यात येत नाही. नंतर विभागीय किंवा मुख्य कार्यालयातल्या जोखीम विभागात बदली मागून घ्यावी लागते. बढतीच्या दृष्टीने ही वाट अनेकांना आडवळणाची वाटते, त्यामुळे मनापासून मागणाऱ्याला ती मिळतेही.

अभ्यासाची साधने आहेत. भारतीय बँकिंग आणि वित्त संस्थेच्या सीएआयआयबी परीक्षेत जोखीम व्यवस्थापन हा विषय निवडता येतो. जगभर चालणारी एफआरएम ही परीक्षा दोन भागांत असते आणि तिला पदवीची विशिष्ट शाखा लागत नाही. पुण्याच्या कोंढव्यातली, १९६९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था बँकांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. विमाकंपन्यांच्या जोखीम विभागात विमागणितज्ञांना, म्हणजे ॲक्च्युअरींना, विशेष मागणी असते. चार्टर्ड अकाउंटंट या वाटेवर पुष्कळ दिसतात, आणि अलीकडे संगणक अभियंतेही. कॉसमॉससारख्या घटनांनी त्यांची गरज सगळ्यांना पटवली आहे.

पूर्वी सरकारी बँकांत हे पद ज्येष्ठतेने फिरत फिरत एखाद्या महाव्यवस्थापकाकडे येई. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने सरकारी बँकांना मुख्य जोखीम अधिकारी खुल्या बाजारातून आणि बाजाराच्या दराने पगार देऊन नेमण्याची मोकळीक दिली. त्यामुळे बाहेरच्या तज्ञांना दार उघडले. आतून वर येणाऱ्यांची स्पर्धाही त्याने वाढली.

या पदावरच्या माणसाला गणित यावे लागते, पण तेवढ्याने भागत नाही. संचालक मंडळात डॉक्टर, वकील, शेतकरी, उद्योजक बसलेले असतात. त्यांना आलेखांची चाळीस पाने दिली तर ते मान डोलावतात आणि काहीच ठरत नाही. ‘पाऊस पस्तीस टक्के कमी पडला तर आपले भांडवल अकरावरून सातावर येते, आणि नियम नऊचा आहे’ या एका वाक्यावर मात्र बैठक थांबते. कठीण गोष्ट अशी एका वाक्यात आणता येणे ही या व्यवसायातली सर्वात उशिरा येणारी विद्या आहे.

९. लहान बँकेत हे काम कोण करते?

पाच हजार कोटींची अट पाहिली की एक अडचण लक्षात येते. तालुक्याच्या गावातले ठेवीदार ज्या नागरी सहकारी बँकांत पैसे ठेवतात, त्यांपैकी बहुतेक या अटीच्या फार खाली आहेत. त्यांच्यावर मुख्य जोखीम अधिकारी नेमण्याचे बंधन नाही, आणि त्याचा पगार परवडण्याची ताकदही त्यांच्यात नसते. एका आभाळाखाली सगळी कर्जे असण्याचा धोका मात्र त्यांनाच सर्वात जास्त. ही विसंगती गंभीर आहे, आणि नियम अजून तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाहीत.

तरी पूर्ण मोकळे रानही नाही. शंभर कोटींहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकेला निवडून आलेल्या संचालकांखेरीज वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते. त्यात बँकिंग, लेखा, कायदा, शेती अशा विषयांची जाण असलेली माणसे अपेक्षित असतात. पीएमसी प्रकरणानंतर मार्च २०२० मध्ये एका कर्जदाराला बँकेच्या मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि एकमेकांशी जोडलेल्या गटाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची मर्यादा घालण्यात आली. मूळ भांडवल ४० कोटी असेल तर एकाला जास्तीत जास्त ६ कोटी आणि गटाला १० कोटी. वरच्या उदाहरणातल्या जिनिंगवाल्याचे साडेसात कोटीही अशा बँकेला देता आले नसते.

जिथे जोखीम अधिकारी नाही, तिथे आकडे वाचण्याचे थोडे काम सभासदांवर येते. सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल आमसभेपूर्वी सभासदांसाठी येतो. त्यातल्या तीन ओळी शोधाव्यात. भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण नियामकाच्या किमान मर्यादेपेक्षा किती वर आहे, निव्वळ थकीत कर्जे मागच्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, आणि मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जातला किती वाटा आहे. तिसरा आकडा अहवालात दिलेला नसेल, तर तो आमसभेत उभे राहून विचारता येतो.